उताऱ्याचा नारळ

आमचे हे चौकातल्या उताऱ्याचा नारळ उचलून खातात, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. अमावास्येचा दुसरा दिवस होता. नागपुरात नंदनवनातल्या आमच्या घरी सकाळी पोह्यांसोबत नारळाची चटणी होती आणि मी ती दोनदा वाढून घेतली होती. नारळ कुठून आणला, असं सहज विचारलं तर हे म्हणाले, "चौकात पडून होता." म्हणजे कुणीतरी आपल्या घरातली पीडा उतरवून, हळदकुंकू लावून, लिंबासोबत चार रस्त्यांवर ठेवलेला नारळ! माहेरीही आम्ही असलं काही मानत नव्हतो. पण न मानणं वेगळं आणि खाणं वेगळं. सासरे समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घास गिळला, पण त्या दिवसापासून अमावास्येच्या आसपास त्या घरात चटणी खाल्ली नाही.

हे सगळं सासऱ्यांपासून आलेलं. त्यांनी ऐन विशीत धम्माची दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर घरातले देव आणि मनातली भुतं एकाच दिवशी बाहेर काढली, असं सासूबाई सांगायच्या. हे पाच-सहा वर्षांचे असताना गावच्या तिठ्यावर उतारा दिसला आणि हे भिऊन बापाच्या धोतराला बिलगले. सासऱ्यांनी काय करावं? नारळ उचलला, दगडावर फोडला, तिथेच उभं राहून खाल्ला. "पाह्य, काही होते का मले," म्हणाले. हे तो सगळा दिवस बापाच्या मागं मागं फिरले. शेतात, विहिरीवर, गोठ्यात. बाप काही मेला नाही. पुढच्या अमावास्येला यांनी स्वतः खाल्ला. पुढे वीज खात्यात लाइनमन झाले तेव्हाही तेच. वादळात खांबावर चढायला दुसरे मागं-पुढं बघायचे, हे पक्कड कमरेला लावून मोकळे. मोहल्ल्यातली पोरं यांना 'नारळवाले काका' म्हणायची.

अशा माणसाला गेल्या वर्षी छातीत कळ आली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात स्टेंट बसली, सगळं नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, फिरा, जिने चढा, हृदय ठणठणीत आहे. हृदय ठणठणीत होतं, पण माणूस घरी आलाच नाही. जो आला तो दिवसभर बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावून नाडीचे आकडे बघत बसायचा. गच्चीवर जाणं बंद. गाडी चालवणं बंद. खळखळून हसणं तर नावाला उरलं नाही. हसताना छातीवर जोर येतो म्हणे! मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, आख्खा वर्ग एका नजरेत गप्प केला, पण एका माणसाची भीती मला गप्प करता येईना. मी रागावले, समजावलं, टोमणे मारले. पालथ्या घड्यावर पाणी. मला साफ दिसत होतं, हे असंच चाललं तर माझा नवरा जिवंत राहूनही मला परत मिळणार नाही.

शेवटी मुलीनं दोघांची बालीची तिकिटं काढली. "बाबांना बाहेर काढ," म्हणाली. डॉक्टरांनी हसत हसत परवानगी दिली. ह्यांनी यंत्र बॅगेत टाकलं, वर त्याचे जास्तीचे सेलही घेतले.

पहिल्या सकाळी बेट बघायला निघालो. एक गाडी, एक चालक, आणि तोच वाटाड्या. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच पातळीवरचं असल्यामुळे आमचं फार छान जमलं. मी हॉटेलच्या पायरीवरून उतरून गाडीत बसले, तरी हे दारातच. मागं वळून बघते तर पायरीवर ताडाच्या पानांची इवलीशी परडी, तिच्यात फुलं, भाताची चार शितं, एक बिस्किट, वर धुमसणारी उदबत्ती. आणि आमचे हे तिला मोठा वळसा घालून, भिंतीला अंग घासत येत होते.

"उतारा आहे," गाडीत बसल्यावर हळूच म्हणाले.

"असू द्या. तुम्ही कधीपासून वळसे घालायले लागले?"

"आता काहून उगाच..." एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

यंत्राचं मी समजू शकत होते. जिन्याचंही. पण नारळवाले काका उताऱ्याला वळसा घालतात, हे बघून मला रडूच आलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं ते आवरलं.

आणि पुढे तर काय विचारता! त्या बेटावर उताऱ्याशिवाय जागाच नाही. दुकानाच्या दारात परडी, चौकात परडी, पुलावर परडी, अगदी आमच्या गाडीच्या काचेमागेही परडी. हे मागच्या सीटवर जिवाला जपून बसलेले. समुद्रात एका खडकावर देऊळ आहे, ओहोटीला पायी जाता येतं. मी घोट्याएवढ्या पाण्यातून जाऊन आले, लाटेनं साडी भिजवून घेतली, नारळपाणी प्याले. हे काठावरच्या बाकावर बसून होते. "तू जाऊन ये वं, मी इथं बरा आहो." रस्ता पुढे डोंगरात चढला. दोन्ही अंगांना केळी, फणस, नारळ, घराघराच्या भिंतीआड लहानसं देऊळ. नागपूरच्या मे महिन्यात तावून निघालेली मी, पण तिथला दमट उकाडा वेगळाच. अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वाटत होतं. तरी मी काच खाली करून सगळं डोळे भरून बघत होते. एकानं बघितलं नाही म्हणून दुसऱ्यानंही बघू नये, असा काही कायदा नाही.

दुपारी भाताच्या डोंगरावर पोचलो. ह्यांचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. आमच्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाटीवर पसरलेल्या असतात. इथे कुणीतरी त्या उचलून डोंगरावर एकावर एक रचल्या होत्या. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत, तिच्यातलं आणखी खाली, थेट तळापर्यंत. कुठे हिरवं, कुठे पिवळं पडत आलेलं. ह्यांनी गाडीतूनच मान लांब करून बघितलं. "धुरे पाह्य किती बारीक ठेवले," म्हणाले. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. सकाळच्या त्या 'उतारा आहे'नंतर स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी लगेच हात धरून खाली उतरवलं.

खाली जायला दगडी पायऱ्या होत्या. वाट एका माणसापुरती. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेली बांधी. मी पुढं, हे मागं. दहा-बारा पायऱ्या उतरून एका वळणावर आले तर पायरीच्या मधोमध परडी. मी साडी सावरून एका कडेनं पाऊल टाकलं, गेले. हे थांबले. इथं वळसा घालायला जागाच नव्हती.

"या ना," मी म्हटलं.

"तू हो पुढं."

"एकटीच धान पाहायले आली का मी?"

हे हलेनात. त्यांच्यामागे परदेशी पाहुण्यांची रांग लागली. टोप्या, काठ्या, कॅमेरे, सगळे एकामागे एक खोळंबले. ह्यांनी खिशातून यंत्र काढलं, बोटाला लावलं आणि आकडा नीट दिसावा म्हणून दोन्ही हात छातीशी धरून, मान खाली घालून उभे राहिले. मला इतका संताप आला, की ते यंत्र हिसकून बांधीत भिरकावून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात खालून एक म्हातारी आली. कमरेला पट्टा, डोक्यावर परड्यांची टोपली. बहुधा तिनंच ती परडी ठेवली असावी. ती ह्यांच्याकडे बघतच राहिली. छातीशी हात, खाली मान, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मला काय घडतंय ते एकदम कळलं. आख्खी रांग अडवून हा परका माणूस आपल्या देवाला हात जोडून उभा आहे, असं तिला वाटलं होतं! तिनं टोपली उतरवली, फुलानं ह्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि एक पांढरा चाफा ह्यांच्या कानामागे खोचला. मागच्या रांगेतल्या लोकांनीही टोप्या काढल्या.

आयुष्यात एकाही देवळात हात न जोडलेला माझा नवरा कानात चाफा घालून उभा होता. मी पदर तोंडात कोंबला.

मागून आमचा चालक आला. म्हातारीशी बोलला आणि मग मला म्हणाला, की ती फार खूश झाली आहे. मी विचारलं, हे ठेवतात तरी कुणासाठी? त्यानं समजावलं: उंचावर ठेवतात ते देवांसाठी, जमिनीवर ठेवतात ते खालच्या त्या दुसऱ्यांसाठी, त्यांनी त्रास देऊ नये म्हणून. पण उदबत्ती विझली की ज्याचं त्याला पोचलं. मग उरलेलं कुत्रं खातं, कोंबडी खाते, पाय पडला तरी कुणी काही म्हणत नाही.

हे मी ह्यांना मराठीत सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे उताराच ना गा," चालकाकडे बघून म्हणाले. त्याला काही कळलं नाही. तो छान हसला.

उदबत्तीचं टोक तेवढ्यात विझलं. आणि जणू वाटच बघत असावी तशी बांधीच्या धुऱ्यावरून एक तांबडी कोंबडी टुणकन पायरीवर आली. तिनं शितं टिपली, बिस्किट फोडलं, फुलं पायानं उधळली आणि तुरुतुरु पायऱ्या उतरू लागली.

ह्यांनी बोटाचं यंत्र काढून खिशात टाकलं.

"खाल्लं तिनं," म्हणाले. "मरते का पाहू."

आणि त्या उधळलेल्या परडीवरून टांग टाकून आमचे हे कोंबडीच्या मागं निघाले. ती दोन पायऱ्या उतरे, थांबे, माती उकरी. हे दोन पायऱ्या उतरत, थांबत, तिच्याकडे बघत. ती धुऱ्यावर वळली, हेही वळले. चेहऱ्यावर काय होतं सांगू? मी त्यांना पाच-सहा वर्षांचे कधी पाहिलेले नाहीत, पण त्या दिवशी पाहिले. बापाच्या मागं गोठ्यापर्यंत गेलेलं पोर तेच असणार. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरून कळेल, की माझं मन किती भरून आलं होतं.

तळाशी पोचलो तेव्हा कोंबडी एका झोपडीमागे निघून गेली, ठणठणीत. ह्यांनी पिवळ्या पडलेल्या बांधीतून एक लोंबी हातात घेतली, एक दाणा दाताखाली फोडला. "दूध आहे अजून यात. कापायले वेळ आहे," म्हणाले. मग वर बघितलं. आपण किती उतरून आलो ते तेव्हा लक्षात आलं त्यांच्या. माझ्याही. गाडी खाली आणता येते का, असं मी मागोमाग आलेल्या चालकाला विचारायला लागले, तर हे म्हणाले, "काहून? उतरलो ना? मग चढू." थांबत, बसत, चढले. मी मागं होते. कानामागचा चाफा पूर्ण चढणभर हलत होता, आणि मी दुसरीकडे कुठेच बघितलं नाही.

बेटावरचे उरलेले दिवस मजेत गेले. पण खरी परीक्षा चौकातच होणार, हे मला माहीत होतं. नंदनवनात परतल्यावर पहिली अमावास्या आली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो. चौकात विजेच्या खांबाजवळ नारळ होता, कुंकवानं माखलेला. हे थांबले. वाकले. नारळ उचलून कानाशी हलवला, पाणी आहे का ऐकलं आणि खांबाच्या काँक्रीटवर दणकन फोडला. दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. ह्यांनी तिथेच उभं राहून एक तुकडा खाल्ला. उरलेली अर्धी वाटी घेऊन घरी आले.

मला आनंदच व्हायला हवा होता. झालाही. वर्षभर ह्याचसाठी तर मी भांडले होते. पण त्या दिवशी मी स्वयंपाक ठेवून दोनदा बैठकीत डोकावले. हे पेपर वाचत होते. अंघोळीला गेले तर मी दाराशी उगाच बादल्या सरकवत बसले. दुपारी झोपले तर श्वास वरखाली होतोय ना, ते बघून आले. संध्याकाळी हे ती नारळाची वाटी घेऊन गच्चीचा जिना चढू लागले, वर्षभरात पहिल्यांदा. मीही मागोमाग निघाले.

मधल्या पायरीवर हे वळले.

"काहून सकाळपासून मागं मागं फिरून राहिली वं?"

आख्ख्या वर्गाला गप्प करणारी मी, जिन्याचा कठडा उगाच हातानं पुसू लागले.

हे म्हणाले, "कोंबडी मेली होती का?"

मी नाही अशी मान हलवली. मग त्यांच्या हातातली वाटी घेतली, कुंकू पदराला पुसलं, आणि एक मोठा तुकडा तोडून खाल्ला.