गॉर्डीचे अकरा शर्ट

मार्लिस हूकस्ट्राने तीस वर्षं गोधड्या शिवल्या, आणि सगळ्या एकटीने. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या तिच्या त्या छोट्या गावात माणूस गेलं की पहिल्या आठवड्यात शेजारणी ओव्हनमधून काढलेली बटाट्या-चीजची भांडी घेऊन येतात, आणि चार-सहा महिन्यांनी घरचं कुणीतरी गेलेल्याचे कपडे खोक्यात भरून मार्लिसच्या दुकानात येतं. त्या कपड्यांची ती गोधडी करून द्यायची. मदतीला कुणीतरी ठेव, असं सांगून सांगून नवरा थकला आणि एक दिवस वारला. त्याच्या शर्टांची गोधडीही तिने एकटीनेच शिवली. "दुसरीला समजावून सांगेपर्यंत माझं शिवून होतं," असं ती तोऱ्यात म्हणायची. खरं म्हणजे तिला समजावून सांगताच येत नसे.

मग उजवं मनगट गेलं. बोटांना मुंग्या यायच्या, कात्री हातातून गळून पडायची. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चार महिने शिवणाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दुकानात नऊ खोकी वाट बघत होती. शेवटी भाचीने इंटरनेटवरून घरबसल्या शिवणकाम घेणाऱ्या तीन बायका शोधून दिल्या. खोकं पाठवायचं, गोधडी परत यायची, ना ओळख ना देख. त्यातली टॉन्या शेजारच्या मिझुरी राज्यातली, पस्तिशीची, कामाला चोख. तिची पहिली गोधडी इतकी सुबक आली की मार्लिसला जरा रागच आला.

दुसरं खोकं टॉन्याकडे गेलं ते आर्लीन ब्रांटचं. आर्लीन आणि मार्लिस एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसणाऱ्या. आर्लीनचा नवरा गॉर्डी चाळीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर कामाला होता. त्याचे अकरा शर्ट तिने प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून आणले होते.

"धुऊ नकोस हं मार्लिस," ती म्हणाली होती. "अजून आहे तो यात."

मार्लिसने नुसती मान हलवली होती. विधवेला विधवेने आणखी काय सांगायचं?

टॉन्यासाठी सूचना लिहिताना मार्लिसने डाव्या हाताच्या एका बोटाने सगळं टाइप केलं. चौकटींचं माप, किनार, अस्तराचा रंग, अगदी दोरा कुठला तेही. धुऊ नकोस, एवढं राहिलं. गोधडी शिवणारी कुठलीही बाई कापड कापण्याआधी पाण्यातून काढते; नाहीतर एक तुकडा आटतो, दुसऱ्याचा रंग तिसऱ्याला लागतो आणि मेहनत मातीत जाते. ते कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून 'धुऊ नकोस' हेही कधी कुणी लिहीत नाही. मार्लिसने स्वतः शिवायला घेतलं असतं तर पिशवीची गाठ सोडताना तिला आपोआप आठवलं असतं. पण गाठ सोडणारे हात आता टॉन्याचे होते.

"काय हो, कसले मळके शर्ट होते ते!" काही आठवड्यांनी टॉन्या फोनवर हसत म्हणाली. "पण मी सोडते की काय? गोधडी आजच रवाना केलीय. बघाल तर खूश व्हाल."

मार्लिसला आता कुठे पिशवीची ती गच्च गाठ आठवली. "सगळे धुतलेस? अकराच्या अकरा?"

"म्हणजे काय! न धुता कुणी कापतं का?"

मार्लिसने आभार मानले आणि फोन ठेवला.

गोधडी आली तेव्हा तिला लॅव्हेंडरचा वास येत होता. मार्लिसने नाक खुपसून शिवण न् शिवण हुंगली. काही म्हणता काही उरलं नव्हतं. आर्लीनला फोन करावा म्हणून तिने तीनदा नंबर लावला आणि तीनदा वाजायच्या आत बंद केला. मग ती जे करू नये ते करायला निघाली. गोधडी घेऊन धान्यकोठारावर गेली, मॅनेजरच्या हातापाया पडली आणि दोन दिवस ती मक्याचा भुसा उडतो त्या शेडमध्ये टांगून ठेवली. घरी आणून, कोठारावरच्या ट्रकांचा वास यावा म्हणून, डिझेलचा बोळा किनारीवरून फिरवला. स्वतःची इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती, तरी हात थांबला नाही.

शनिवारी सकाळी आर्लीन आली. गोधडी छातीशी धरून तिने त्यात तोंड खुपसलं. मार्लिस टेबलाची कड धरून उभी होती.

आर्लीनने मान वर केली. "यात कोठार आहे," ती सावकाश म्हणाली. "यात डिझेल आहे. अख्खं गाव आहे गं यात. गॉर्डी तेवढा नाही."

मग मार्लिसने सगळं सांगितलं. मनगट, टॉन्या, राहून गेलेली ती एक ओळ, आणि तो भुसासुद्धा. "माझी चूक आहे, तिची नाही," असं ती रडत रडत दोनदा म्हणाली.

आर्लीन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "लाव तिला फोन. मला तिच्याशी बोलायचंय."

मार्लिसने फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून टॉन्याचा आनंदी आवाज आला, "मिळाली ना गोधडी? आवडली?"

"मी आर्लीन ब्रांट. ते शर्ट माझ्या नवऱ्याचे होते," आर्लीन म्हणाली. "धुताना पाणी कसं निघालं होतं?"

"अहो, विचारू नका! मशीनमध्ये टाकण्याआधी टबात भिजवले, तर पाणी कोऱ्या चहासारखं काळं. पण दुसऱ्यांदा धुतले तेव्हा अगदी नितळ आलं."

आर्लीनने डोळे मिटले. पहिल्या पाण्याचं ऐकताना तिच्या ओठांवर किंचित हसू आलं होतं, गॉर्डी तसाच मळका घरी यायचा म्हणून. ते आता गेलं.

"मग दुसऱ्यांदा कशाला धुतलेस गं, बाई?" तिने विचारलं.