साऱ्या तांड्याचा एक नंबर

आमच्या तांड्यात पहिला मोबाइल माझ्याकडे आला, हे मी कोणी न विचारताही सांगते. मुलगी मुकुटबनला दिलेली. तिची खुशाली कळावी म्हणून जावयाने बटनांचा फोन आणून दिला. त्याच सुमारास प्रत्येक फॉर्मात मोबाइल नंबरची चौकट यायला लागली. रेशन असो, गॅस असो, निराधारची पेन्शन असो, चौकट रिकामी ठेवली की फॉर्म परत. मग घाटंजीच्या बाजाराला निघालेल्या बाया माझ्या दाराशी थांबायच्या. "याडी, तुहा नंबर सांग ना वं." याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. आई म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? होता होता साऱ्या तांड्याच्या कागदांवर माझाच नंबर जाऊन बसला.

शाळेत मी गेले नाही. अक्षरं शिकले एसटीच्या पाट्यांवरून, आणि पुढचं सगळं या मेसेजांवरून. 'लाभार्थी' हा शब्द धड वाचता यायला मला आठ दिवस लागले. मेसेजात नाव नसायचं, नुसते कार्डाचे शेवटचे चार आकडे. म्हणून मी वहीच्या पुठ्ठ्यावर घराघराचे आकडे लिहून ठेवले, आणि पुढे ओळख: बकऱ्यावाली, निंबाखालची, कोपऱ्यातली. मेसेज आला की पदर खोचून निघायचं. दारात उभ्याने निरोप सांगणं आमच्यात बरं दिसत नाही. बसायचं, काळा चहा घ्यायचा, पोराबाळांचं विचारायचं, मग विषय काढायचा. तीन मेसेज असले की सकाळ त्यातच जायची. आमचे हे म्हणायचे, "पोस्टमनले निदान पगार तरी रायते."

निवडणुकीत तर विचारू नका. उमेदवाराच्या आवाजात फोन यायचे. पहिल्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, "बोला भाऊ, चहा प्याले या." तो आपला बोलूनच राह्यला. मग तेच भाषण पुन्हा, आणि पुन्हा. घराघराच्या वाटचं मलाच. निंबाखालची म्हातारी म्हणाली, "माह्या वाटचं भाषण तू ऐकलं, आता मत तरी मले देऊ दे."

दोनेक वर्षं झाली असतील, यवतमाळहून एक बाई आल्या. मोबाइलमुळे खेड्यातलं राजकारण आणि सरकारी कामं कशी बदलली, यावर त्या अभ्यास करत होत्या. हातात पाटीएवढा फोन, त्यात प्रश्न. दुसऱ्याच घरी तो अडून बसला. नंबर टाकला की म्हणे, हा आधीच नोंदलेला आहे. चार घरं झाल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"मावशी, हा नंबर कोणाचा?"

"माहा."

"आणि निंबाखालच्या आजींच्या कागदावरचा?"

"तोही माहाच."

त्या हसल्या, बसल्या, काळा चहा प्यायल्या. पुठ्ठा पाहिला, फोटो काढू का म्हणाल्या. मला काय वाटलं म्हणून सांगू. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही गावाला गेलात तर मेसेज कोण सांगतं?"

मी पुठ्ठा उचलून आत ठेवायला गेले. कारण तसं झालं होतं. मुलीच्या बाळंतपणाला मी मुकुटबनला गेलते. तिथे असताना निंबाखालच्या म्हातारीसाठी मेसेज आला, हयातीचा दाखला द्या म्हणून. नातवाच्या नादात मी तो पाहिलाच नाही. तिची पेन्शन थांबली. मागेपुढे कोणी नाही, तिचं सगळं त्यावरच. आपण जिवंत आहोत हे सांगत ती तहसीलला चकरा मारून राह्यली होती. मला शब्दाने बोलली नाही. उलट बाईंना म्हणाली होती, "मेसेजच आला नसन." हे मला बाईंनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीकडे गेले. म्हटलं, "मेसेज आलता. म्याच पाह्यला नाही."

"मले ठाऊक हाय."

"मंग आता तुहा सोताचा नंबर कर."

"कायले? मंग तू कायले येशीन माह्याकडं?"

मी म्हटलं, "येईन ना." म्हणाली, "कामाबिगर कोणी येत नाही वं."

चार दिवस तिला मनवण्यात गेले. शेवटी आम्ही दोघी ऑटोत बसून घाटंजीला गेलो, आधी तिच्यासाठी एक बटनांचा फोन घेतला. सेवा केंद्रातला म्हणाला, जुना नंबर काढायचा तर आधी जुन्याच नंबरवर आकडे येतील. ते माझ्या फोनवर आले. मी एकेक करून वाचून दाखवले, सावकाश. त्याला वाटलं असेल, मला नीट वाचता येत नाही.

हयातीचा दाखलाही त्याच दिवशी दिला, आणि पुढच्या महिन्यात तिची पेन्शन सुरू झाली. मेसेज तिच्या फोनवर आला, बकऱ्यावालीच्या नातीने वाचून दाखवला. मला कळलं दोन दिवसांनी, तेही बाजारात.

"तुले सांगाचं राहूनच गेलं," म्हातारी म्हणाली.

"बरं झालं," मी म्हटलं. आणि खरंच, बरंच झालं होतं.