अठ्ठ्याहत्तर वेढे

विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपात तारेच्या फेऱ्यांना सगळे ‘टर्न’ म्हणायचे. ती एकटी ‘वेढे’ म्हणायची, म्हणून तिचं नाव वेढेबाई पडलं. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि नव्या तारेचे बरोब्बर तेवढेच वेढे घालून मोटार पुन्हा चालती करायची, हे काम तिनं एकतीस वर्षं केलं.

मोजताना ती कुणाशी बोलत नसे. कुणी काही विचारलंच, तर उत्तराऐवजी पुढचा आकडा यायचा.

“बाई, मालक बोलावतायत.”

“एकोणपन्नास.”

“चहा घेणार का?”

“एक्कावन्न.”

वर्कशॉपात याचं हसू व्हायचं. घरी होत नसे. नवरा टॅक्सीवर, ही मोजायच्या तारा डब्यात घालून घरी घेऊन यायची, आणि एकुलता एक मुलगा शेजारी बसून आकडे ऐकायचा. इतर पोरांना आया गोष्टी सांगत. याला एक ते शंभर फुकट पाठ झाले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मालकानं तिला घरी बसवलं. तेही तिच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. त्यानं मुलाला रस्त्यात गाठलं आणि सांगितलं की तुझ्या आईचा हात कापतो, नजरही गेली, उद्यापासून येऊ नका म्हणावं. मुलानं ते जेवताना सांगितलं, मीठ वाढ म्हणावं तसं.

“आणि तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? कापतोच की.”

हात कापायचा, हे खोटं नव्हतं. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत थोडा कापायचा. पण मालकाचं बोलणं एक वेळ गिळता येतं. पोटच्या पोरानं ‘कापतोच की’ म्हणावं, हे तिच्या घशाखाली उतरेना. ताट तसंच सारून ती उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घराखालच्या गॅरेजचं शटर वर केलं.

नवरा गेल्यावर टॅक्सी विकली होती. फरशीवर तेलाचा एक डाग तेवढा उरला होता, झोपलेल्या म्हशीएवढा. त्या डागावरच तिनं जुन्या दरवाजाची फळी लोखंडी पायांवर टाकून टेबल केलं. वर दोन ट्यूबलाइट. भिंतीला खिळे, खिळ्यांना पकडी, कात्र्या, लाकडी हातोडी. हातानं फिरवायचं गुंडाळणीचं यंत्र तिचं स्वतःचं होतं. त्याला वेढे मोजणारी तबकडी होती, तिच्यावर तिनं चिकटपट्टी मारली. तबकडी खोटं बोलते आणि वर लाजतही नाही, असं तिचं म्हणणं. तारेवर ओतलेलं वार्निश भाजून घट्ट करायला भट्टी नव्हती, म्हणून तिनं एका जुन्या पत्र्याच्या कपाटात चार मोठे बल्ब बसवले.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. “कपाटात काय, कोंबड्या उबवणार?”

“तुझ्यापेक्षा बऱ्या निघतील.”

“आई, एकवीस तारखेला माझी गाडी येतेय. हे गॅरेज आहे. गॅरेजात गाडी ठेवतात.”

“हे घर तुझ्या बापानं बांधलंय.”

“गाडी ठेवायलाच बांधलंय!”

सून जिन्यावरून ऐकत होती. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. तिला वार्निशच्या वासानं डोकं चढायचं, एवढीच तिची बाजू. आठवडाभर घरात भांडी बोलली, माणसं बोलली नाहीत. शेवटी मुलानंच अट घातली. एकवीस तारखेच्या आत एक मोटार, फक्त एक, बाहेरच्या गिऱ्हाइकाची, बांधून त्याच्या जागी चालवून दाखव. चालली तर गॅरेज तुझं. नाही चालली तर तुझं ते कोंबड्यांचं खुराडं मी स्वतः रस्त्यावर ठेवीन.

“आणि मग मी काय करू?”

“लोकांच्या आया काय करतात? आराम.”

‘आराम’ हा शब्द त्यानं असा टाकला की शिवी बरी. तिनं अट मानली. जगाला आपला हात उपयोगी आहे की नाही, हे एकदा तिलाही पाहायचं होतं; आणि मनातून तिला त्याचीच धास्ती होती.

गिऱ्हाईक मिळेना. मालकानं बाजारभर सांगून ठेवलं होतं की म्हातारीकडे मोटार टाकाल तर दोनदा जाळाल. बारा तारखेला मात्र कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला आला. मालकाशी त्याचं वाकडं होतं, एवढंच कारण. धुण्याच्या मोठ्या पिंपाची मोटार त्यानं टेबलावर आदळली.

“माझ्याकडे अशा सहा आहेत. ही चालली तर सगळ्या तुमच्याकडे. नाही चालली तर मी तुम्हाला ओळखत नाही. काय मावशी?”

“मावशी तुझ्या घरी. इथं बाई म्हण.”

तिनं मोटार उघडली. चोवीस खाचा, बारा कॉइल, म्हणजे तारेचे बारा गुच्छ. कुठली तार कुठं जाते त्याचं चित्र काढलं, काळे पडलेले बाराही गुच्छ कापून काढले आणि पोत्यावर मांडले. आता मोजायचं. वर्कशॉपात तिचा नियम काळ्या दगडावरची रेघ होता: उघडली की मोजायची, उद्यावर नाही. पण दुपार कलली होती आणि काळ्या तारा एकमेकींत मिसळत होत्या. दोनदा मोजलं, दोनदा वेगळा आकडा आला. सकाळी ताज्या नजरेनं मोजू, असं म्हणून तिनं शटर ओढलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी ती चष्म्याची काच पुसत खाली आली, तर शटर उघडं. मुलगा हातात मोजपट्टी घेऊन उभा. टेबल भिंतीला सरकवलेलं. फरशी झाडलेली. पोतं रिकामं.

“इथले गुच्छ कुठायत?”

“कुठले? ते जळकं? भंगारवाल्याला दिलं. गाडी बसते का बघत होतो, पायात येत होतं.”

“दिलं?”

“फुकट नाही दिलं, ओरडू नकोस. तांबं वेगळं काढून वजन करायला लावलं. एक किलो सातशे चाळीस. मी स्वतः काट्यावर पाहिलं. मला काय खुळा समजतेस?”

वेढेबाई स्टुलावर बसली. वेढे कमी पडले तर मोटार तापून जळते. जास्त झाले तर तिच्यात दम राहत नाही, ओल्या चादरींचं पिंप उचलणार नाही. बरोबर आकडा त्या जळक्या गुच्छांत होता आणि दुसरीकडे कुठंच नव्हता.

“एकतीस वर्षं त्या जळक्यावर तुझं पोट भरलं,” ती म्हणाली. “त्यात काय असतं ते तुला ठाऊक नाही?”

“कसं असेल? तू कधी सांगितलंस? तू फक्त आकडे सांगितलेस!” त्याचा आवाज चढला. “मला कांजिण्या आल्या होत्या. पाणी मागितलं. काय म्हणालीस ठाऊक आहे? त्रेसष्ट. परत मागितलं. चौसष्ट.”

जिन्यावर सुनेच्या हातातलं सूप थांबलं.

वेढेबाईला ती दुपार आठवत होती. पाण्याच्या पंपाची मोटार होती, अठ्ठ्याऐंशी वेढ्यांची. पोराचा ताप किती होता, हे मात्र तिला आठवेना. बोलण्यासारखं काही असतं, तर ती तेव्हाच बोलली असती.

मुलगा मोजपट्टी खिशात घालून कामावर गेला. जाताना म्हणाला, “आठ दिवस आहेत. बघ.”

ती तशीच भंगारवाल्याकडे गेली. तांबं तासाभरापूर्वीच मोठ्या व्यापाऱ्याच्या टेंपोत चढलं होतं. भंगारवाला दात कोरत म्हणाला, “काकू, गेलेलं तांबं आणि गेलेली वेळ परत येत नाही.”

ती अर्ध्या वाटेवर आली आणि थबकली. तांबं गेलं, पण वजन राहिलं होतं. एक किलो सातशे चाळीस. तारेची जाडी माहीत असली तर वजनावरून वेढे काढता येतात. आणि जाडी होती: एका खाचेत बोटभर तार अडकून राहिली होती, तीच काय ती पोराच्या झाडूतून वाचलेली. अडचण एकच. भंगारवाल्याचा काटा खरं बोलेल, तर तो भंगारवाला कसला?

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातून मिठाचे दोन न फोडलेले पुडे उचलले.

“आई, मीठ कुठं नेताय?”

“वजनाला.”

“आता मीठ भंगारात घालणार?” सुनेनं कपाळावर हात मारला. “सगळं घरच घाला एकदाचं.”

किलोचे दोन पुडे वेढेबाईनं भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले. काट्यानं दाखवलं एक किलो आठशे तीस.

भंगारवाला उठून उभाच राहिला. “हे काय चाललंय? गिऱ्हाइकांसमोर? उचला ते!”

“उचलते. परत एकदा ठेवून.”

“काटा खराब झालाय. कालपासून.”

“मुळीच खराब नाही. दोन्ही वेळा सारखंच दाखवतोय. असं इमानदार खोटं बोलणारा काटा मी पाहिला नाही.”

मागं उभ्या असलेल्या रद्दीवाल्या बाईनं आपलं गाठोडं हळूच उचललं आणि चालू लागली. भंगारवाल्यानं त्या दिवशी वेढेबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिनं मान डोलावून सगळा ऐकून घेतला. तिला हवं ते मिळालं होतं.

टेबलावर खडूनं हिशेब मांडला. दोन किलोला एकशे सत्तर ग्रॅम खाणारा काटा. म्हणजे पोराच्या एक किलो सातशे चाळीसचे खरे एक किलो नऊशे. त्यातून काजळी, जळका कागद, दोरा यांचे साठ ग्रॅम वजा. हा साठचा आकडा कुठल्या पुस्तकात नव्हता. एकतीस वर्षं काळे गुच्छ तळहातावर तोलून तो आला होता. उरले एक किलो आठशे चाळीस, बारा कॉइलना सारखे वाटायचे. एका कॉइलला एकशे त्रेपन्न ग्रॅम.

तिनं अडकलेल्या तुकड्याच्या जाडीची नवी तार घेतली, साच्यावर ऐंशी वेढे घातले आणि सुनेचा पिठाचा वजनकाटा मागितला.

“वार्निश लागलं तर मी त्यात पीठ मोजणार नाही, सांगून ठेवते.”

“मोजू नकोस.”

सून काटा घेऊन स्वतःच खाली आली, काट्यावर पहारा करायला. कॉइल ठेवली. एकशे सत्तावन्न. वेढेबाईनं दोन वेढे सोडून तार कापली. काट्यावर एकशे त्रेपन्न आलं.

“अठ्ठ्याहत्तर,” वेढेबाई म्हणाली.

“म्हणजे झालं का?”

“म्हणजे आता बारा वेळा अठ्ठ्याहत्तर.”

तिचा हात कापत होता. यंत्राची मूठ धरल्यावर तो कापला तरी मूठ फिरतच राहायची. पुढचे चार दिवस तिनं खाचांत कागद घातले, कॉइल बसवल्या, वरून बांबूच्या चिपा ठोकल्या, जोड दिले, वार्निश ओतलं, आणि मोटार दोन दिवस चार बल्बांच्या कपाटात भाजली. वरच्या मजल्यावर खिडक्या आपटत होत्या. जेवायला ती सगळ्यांची ताटं उचलल्यावर वर जायची.

वीस तारखेला लाँड्रीत मोटार पिंपाखाली बसली. मुलगाही आला होता. त्यानं कामावरून खास अर्धी रजा टाकली होती. एवढी आस्था त्यानं तिच्या कुठल्याच कामाला दाखवली नव्हती. लाँड्रीवाल्यानं पिंप ओल्या चादरींनी गच्च भरलं. तिनं आधी रिकामं चालवू म्हटलं असतं, तर घाबरली म्हणायला दोघांनाही आवडलं असतं. ती म्हणाली, “अजून दोन घाल.”

बटण दाबलं. मोटार गुरगुरली, क्षणभर अडली, आणि पिंप फिरलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेढेबाईनं मोटारीच्या अंगावर तळहात ठेवला आणि अर्धा तास तसाच ठेवला. तापली तर हात उचलावा लागतो. हात उचलावा लागला नाही.

“कापतोय हात,” मुलगा म्हणाला.

“मोटार चालू आहे. तुझा ठेव, तुझाही कापेल.”

त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

लाँड्रीवाल्यानं घड्याळ पाहिलं. “चालतेय,” तो म्हणाला, जणू त्याचंच काही नुकसान झालं होतं. “उद्या दुसरी पाठवतो, बाई.”

एकवीस तारखेला गाडी आली. पांढरी, काचांवर अजून कागद चिकटलेले. ती घरासमोर उभी राहिली, लिंबाच्या झाडाखाली मावली तेवढी सावलीत, बाकी उन्हात. मुलानं दिलेला शब्द पाळला. पाळताना त्यानं आईशी बोलणं बंद केलं, हे अटीत नव्हतं.

नऊ दिवस झाले. वेढेबाई दुसऱ्या मोटारीच्या कॉइल घालत होती. हिचे जुने वेढे तिनं उघडल्या उघडल्या मोजले होते, सुनेला शेजारी बसवून, दोघींचा आकडा जुळेपर्यंत. दारात सावली पडली. मुलगा होता. चेहऱ्यावरून भांडायलाच आलेला.

“आई.”

“एकेचाळीस.”

“आई, ऐकतेस का?”

“बेचाळीस.”

तो वळला. लहानपणी वळायचा तसाच, आधी मान आणि मग अंग. वेढेबाईची मूठ थांबली. एकतीस वर्षांत ती कॉइलच्या मध्ये कधी थांबली नव्हती. दोन बोटांनी तार दाबून धरत ती म्हणाली, “बोल.”

त्याला हे अपेक्षित नव्हतं. भांडणाची सगळी तयारी होती, पण कुणी ऐकेल याची नव्हती.

“पाखरं गाडीवर घाण करतात.”

“कापड घाल वरून.”

“घातलंय.”

“मग?”

त्यानं टेबलाखालच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं. “काही नाही,” म्हणाला आणि गेला. जाताना शटर जरा जोरातच आपटलं.

तिनं पुन्हा मूठ धरली. बेचाळीस झाले होते की त्रेचाळीस? तिनं तारेवरून नख फिरवून पाहिलं, खात्री होईना. मग तिनं सगळी तार उलटी सोडली, साचा रिकामा केला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.