शिमग्याला दिलेली सावर

१९८९ चा शिमगा, मी पस्तीस वर्षांचा. सुनेनं मुंबईहून आणलेल्या फोमच्या गादीवर पाठ टेकली की आता रोज तोच दिवस आठवतो.

आई अंथरुणाला खिळली होती, पाठ सोलवटली होती. महाडचा डॉक्टर म्हणाला, मऊ अंथरूण द्या. परसातली सावर लालभडक फुललेली. बोंडं फुटली की त्या कापसाची गादी करायची, असं बायकोनं ठरवलं होतं.

पण वाडीच्या होळीला सावर लागते, आणि त्या साली झाड द्यायचा मान आमच्या घराचा. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली.

बायको म्हणाली, "अवो, दुसरी बघायला सांगा ना. आईंची पाठ बघवत नाय."

"मान सोडू? उद्या वाडीत तोंड कसं दाखवू?" मी खेकसलो.

आतून आई बोलली, "दे रे बाबा. तुझा मान मोठा हाय." तेव्हा मला तो आशीर्वाद वाटला. आता तसा वाटत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडलेल्या सावरीची एक फांदी मी आईच्या खिडकीसमोर रोवली. तिला कापूस धरायला आठ-दहा वर्षं लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.