महिपतीची सतरा वर्षं

माणसाला कशाची ना कशाची खोड असतेच. कुणाला तंबाखूची, कुणाला तमाशाची. महिपती ड्रायव्हरला सिद्धाप्पाची होती. सिद्धाप्पाचं जरा कुठं बरं झालं की ह्याच्या पोटात दुखायला लागायचं, आणि ते दुखणं ओव्यानं थांबणारं नव्हतं.

दोघंही सोलापूर-बार्शी रस्त्यावर मोटार चालवायचे. महिपती धोंडप्पाशेटच्या गाडीवर, सिद्धाप्पा मडिवाळप्पाशेटच्या. धोंडप्पाशेटच्या चार गाड्या, त्याही जुन्या. हँडल मारून मारून खांदा निखळायचा तेव्हा कुठं सुरू व्हायच्या. मडिवाळप्पाशेटच्या आठ, आणि त्यातली नवीकोरी शेवरोलेट सिद्धाप्पाच्या हातात. तिला विजेचा भोंगा होता. नव्या पेठेच्या तोंडाशी तो भोंगा वाजला की महिपती आपल्या गाडीच्या भोंग्याचा रबरी फुगा असा दाबायचा, जसा काही सिद्धाप्पाचा गळाच हातात सापडलाय!

बरं, सिद्धाप्पा वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. अक्कलकोटकडचा धनगर, घरी भावांची मेंढरं. उतारूंशी कानडीत बोलायचा, तेलुगूत बोलायचा, म्हाताऱ्यांना हात धरून खाली उतरवायचा. बायाबापड्या म्हणायच्या, "सिद्धाप्पाची गाडी येऊ द्या, मग जाऊ." हे महिपतीच्या कानावर पडलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते त्याच्याखेरीज तिघांनाच ठाऊक होतं. वैरागजवळच्या गावातून महिपती सोलापुरात आला तेव्हा त्याला बैलं हाकता येत होती, मोटार नाही. धोंडप्पाशेटकडे गाडी धुता धुता तो पुढं न्यायला शिकला, पण मागं घेणं काही केल्या जमेना. तेव्हा दोन वर्षं आधी ड्रायव्हर झालेल्या सिद्धाप्पानं त्याला महिनाभर मोकळ्या माळावर मागं घेणं शिकवलं, आणि लायसन काढायला कचेरीतही तोच घेऊन गेला. उपकार करणाऱ्याचं तोंड रोज बघावं लागणं यापरीस मोठी शिक्षा नाही, बाबांनो. ही गोष्ट सिद्धाप्पाला ठाऊक, धोंडप्पाशेटला ठाऊक आणि महिपतीची बायको बजाबाई हिला ठाऊक. तिघांपैकी एकानंही ती कधी तोंडातून काढली नव्हती, तरी महिपती जळायचा.

मग पस्तीस साल उजाडलं. दोन्ही शेटांनी एकमेकांचे उतारू पळवायला भाडं इतकं उतरवलं होतं की वर पानसुपारीही द्यायला लागले. शेवटी दोघांचीही कंबर मोडली, आणि दोघांनी मिळून ठरवलं, दोन्ही सर्व्हिसा एक करायच्या. लोक तिला जोडकंपनी म्हणायला लागले. पुण्याहून एक मॅनेजर आणला. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "गाड्या बारा आहेत, लागणार नऊ. तेव्हा ड्रायव्हरही नऊच राहतील. सगळ्यांच्या नोकरीची यादी करतो. ज्याची नोकरी सगळ्यांत जुनी, तो एक नंबर."

ड्रायव्हरांचं धाबं दणाणलं. जो तो म्हणे, वरचे राहणार, खालचे तीन जाणार. शिवाय एक नंबर म्हणजे सकाळची पहिली फेरी, शेवरोलेट आणि खंडेनवमीला गाडीपुढं नारळ फोडायचा मान. महिपतीला नोकरीची काळजी होतीच. पण शेवरोलेट सिद्धाप्पाच्या हातून सुटते या विचारानं त्याची झोप उडाली, ती काळजीनं नव्हे.

यादीसाठी प्रत्येकाला विचारलं. धोंडप्पाशेटकडं हजेरीचं पुस्तक कधी नव्हतंच, आणि लायसनं दरसाल नवी होत, जुनी कोण जपतो? सिद्धाप्पानं सांगितलं, "तेरा वर्सं झाली, सायेब."

महिपतीची खरी वर्षं अकरा. तो म्हणाला, "मानमोडीची साथ आली त्या साली लागलो. सतरा वर्सं."

मॅनेजरनं धोंडप्पाशेटकडं पाहिलं. आपला माणूस वर चढतोय तर बरंच, असं मनात धरून शेटनं मान हलवली.

घरी हे ऐकून बजाबाईनं हातातली भाकरी तशीच तव्यावर टाकली. "मानमोडीच्या साली तुमी माज्या बापाकडं गाडी हाकत हुता!"

"मग? हाकत हुतोच की!"

"बैलाची हाकत हुता! तेरापेक्षा वर चढायचं तर चौदा म्हनायचं, एकदम सतरा कशाला?"

"चौदा म्हटलं तर लोक म्हनतील एकाच वर्सानं मोटा. मला त्याला लई मागं टाकायचं हाय."

"दुसऱ्याला अपशकून करायला सोताचं नाक कापायला निगालाय," ती म्हणाली. पण महिपतीचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. तो मनातल्या मनात विजेचा भोंगा वाजवत होता.

खंडेनवमीला गाड्या धुऊन रांगेत लावल्या, झेंडूच्या माळा घातल्या. यादी भिंतीला लागली. एक नंबर महिपती, दोन आणि तीन दोघं म्हातारे ड्रायव्हर, चौथा सिद्धाप्पा. महिपतीनं धुतलेलं धोतर, कोशा पटका, कपाळभर गुलाल अशा थाटात शेवरोलेटपुढं नारळ फोडला. एका दणक्यात दोन भकलं झाली. पाणी उडालं तसं त्यानं हळूच सिद्धाप्पाकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता हा जळत असेल, हातपाय आपटत असेल. सिद्धाप्पा हसत होता आणि टाळ्या वाजवत होता. मेला जळतही नव्हता! महिपतीला आपला नारळ वाया गेल्यासारखा वाटला.

नारळाचं पाणी अजून जमिनीवर ओलंच होतं तेवढ्यात मॅनेजर खुर्चीवर उभा राहिला. म्हणाला, "जुनी माणसं ही कंपनीची शान. पण त्यांचा पगार जास्त आणि डोळे कमी. ज्यांची नोकरी पंधरा वर्षांच्या वर गेली, त्यांनी आता आराम करावा. शेला आणि तीन महिन्यांचा पगार देऊन आम्ही त्यांना मानानं निरोप देतो." आणि त्यानं वरची तीन नावं वाचली.

महिपतीच्या पायाखालची जमीनच सरकली. अडतीस वर्षांचा गडी, आराम कसला? पोरीचं लग्न व्हायचंय, गावात वावभर रान नाही. काय बोलणार? मी खोटं बोललो म्हणून? तेही सिद्धाप्पासमोर?

आणि नेमका सिद्धाप्पाच पुढं आला. हात जोडून म्हणाला, "सायेब, येवडं ऐका. महिपतअन्नाचं वर्स चुकलंय. त्याची अकराच हायत. तो माज्यामागनं आला. गाडी मागं घ्यायची मीच त्याला शिकवली की माळावर."

सगळे ड्रायव्हर महिपतीकडं वळून बघायला लागले. कुणीतरी तोंडावर हात धरून हसलं.

मॅनेजरनं चष्मा सावरला. "मग यादीत वरून तिसरा तूच होतोस, सिद्धाप्पा. मला तीन कमी करायचेच आहेत."

"व्हय, सायेब. माजी मेंढरं हायत, भाऊ हायत. मी जाईन अक्कलकोटला. अन्नाला ह्या चाकाबिगर काय न्हाय."

एका शब्दाचंही काम नव्हतं. महिपतीनं नुसती मान खाली घातली असती, गप्प जरी राहिला असता, तरी नोकरी राहत होती. पण दान घ्यायचं, आणि तेही ह्याच्या हातून? अकरा वर्षांपूर्वी रिव्हर्स दिला, आज पोट द्यायला निघालाय! त्याच्या डोक्यात जाळ झाला.

"खोटं!" तो ओरडला. "खोटं बोलतोय ह्यो! मला शिकवायला ह्यो कोन? ह्यो शेळ्या राखत हुता तवा मी मोटार हाकत हुतो! सतरा म्हंजी सतरा! इचारा धोंडप्पाशेटला!"

धोंडप्पाशेट आभाळाकडं बघत बसला.

मॅनेजरनं दोघांकडं पाहिलं. "ज्याची नोकरी त्यानंच सांगायची. पुन्हा विचारतो, महिपती, किती?"

"सतरा."

"मग झालं तर," म्हणून त्यानं शेला उचलला.

दसरा झाल्यावर महिपतीनं सोलापुरातली खोली सोडली. ट्रंक, वळकटी, बजाबाई आणि पोरगी घेऊन तो स्टँडवर आला. वैरागला जायला दुसरं काय होतं? सकाळची पहिली फेरी, शेवरोलेट, आणि चाकावर सिद्धाप्पा.

सिद्धाप्पा खाली उतरला. ट्रंक स्वतः टपावर चढवली. मग ड्रायव्हरशेजारची जागा, जिथं मामलेदार नाही तर सावकार बसायचा, ती धोतराच्या सोग्यानं झटकून म्हणाला, "अन्ना, हितं बस. पुडं."

"न्हाय," म्हणून महिपती पोरीला घेऊन सगळ्यात मागच्या बाकड्यावर, पेंडीच्या पोत्याला टेकून बसला.

बजाबाई खालीच उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सिद्धाप्पाकडं पाहिलं, पदर खोचला आणि सरळ जाऊन त्या पुढच्या जागेवर बसली. उतारूंनी माना वर केल्या. बाईमाणूस पुढं बसलेली त्या गाडीत कुणी पाहिली नव्हती.

गाडी सुरू झाली. भोंगा वाजला. महिपती कान टवकारून बसला. गेअर बदलताना एकदा तरी कडकड आवाज व्हावा, एकदा तरी हिसका बसावा, असं त्याला फार वाटत होतं. काही झालं नाही. गाडी लोण्यासारखी चालली होती.

नाक्याच्या पुढं मोकळा रस्ता लागला तेव्हा बजाबाईनं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊजी, तुमाला मोटारीवर किती वर्सं झाली म्हनायची?"

"तेरा, वैनी."

"आन् ह्यांना?"

सिद्धाप्पानं मोकळ्या रस्त्यावर उगाच भोंगा वाजवला.

मागून, पेंडीच्या पोत्याआडून आवाज आला, "सतरा!"