अपेंडिक्सचा व्रण

न्हावऱ्याची साखरबाई कुणाला भ्यायची नाही. लाथाडी गाय तिच्यापुढं शेळी व्हायची, आणि डेअरीवर दुधाला फॅट कमी लावणाऱ्याची ती चारचौघांत हजेरी घ्यायची. पण पित्तासाठी म्हणून शिरूरला सोनोग्राफी केली, तर पोटात गाठी निघाल्या आणि या वाघिणीचं पाणी पाणी झालं. रोगाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. जावा भेटायला यायच्या, तिच्याकडं बघायच्या आणि डोळे पुसत निघून जायच्या. जिवंतपणीच दहाव्याला आल्यासारख्या! असल्या माणसांना चहा तरी का पाजावा, सांगा.

दौंडच्या डॉक्टर अनुपमाबाईंनी सीटी स्कॅनचे फोटो उजेडाला धरले.

"पोटात तुमची पानथरी, म्हणजे प्लीहा, दिसत नाही. कधी काढलीय का?"

शेजारी नवरा, सर्जेराव, बसलेला. "न्हाई वो," साखरबाई म्हणाली. "अपेंडिक्सचं आप्रेशन झालंय तेवढं."

"पण व्रण तर फार वर आहे."

"गावठी डाक्टर व्हता. चुकला आसंल."

"पानथरी काढलेली असती तर वेगळ्या तपासणीवर भागलं असतं. आता पोट उघडूनच बघावं लागेल, गाठी कसल्या आहेत ते."

खरं काय ते फक्त साखरबाईला ठाऊक होतं. पोरवयात माहेरी, केंदूरला, उसाच्या गाडीवरून पडून तिची पानथरी फुटली होती. ती पुण्यात काढून टाकली. आतला अवयव काढलेली पोर कोण सून करून घेईल? बापानं शपथ घातली, कुणी विचारलं तर अपेंडिक्स म्हणायचं. आईबाप गेले, तिच्या स्वतःच्या पोरांची लग्नं झाली, तरी शपथ चालूच. आता सांगावं तर नवरा म्हणणार, तुझ्या बापानं फसवून गळ्यात बांधली. न सांगावं तर सुरी. इकडं आड, तिकडं विहीर.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं सर्जेरावापुढं सहीचा कागद ठेवला. पेन हातात घेतल्यावर तो गडी नर्सलाच विचारायला लागला, ही परत घरी येईल न्हवं? ते बघून साखरबाईला राहवेना.

"थांबा! पानथरी काढलीया माझी. लग्नाच्या आधी."

सर्जेरावानं पेन खाली ठेवलं आणि पाठ फिरवली. त्या पाठीकडं बघून तिच्या पोटात जो गोळा आला, तो कुठल्याच फोटोत दिसला नसता.

"आधी का नाही सांगितलंत!" डॉक्टरबाई कडाडल्या. ऑपरेशन थांबलं आणि तिला वेगळ्या तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. तिथं तिचंच रक्त काढून, त्यात यंत्राखाली उजळणारं औषध मिसळून, तापवून परत टोचलं. असं रक्त जास्त करून पानथरीच ओढून घेते म्हणे. यंत्राखाली साखरबाई डोळे घट्ट मिटून पडली, आठवतील तेवढ्या देवांना हाका मारत. पडद्यावर गाठ न् गाठ उजळली. फुटलेल्या पानथरीचे सांडलेले तुकडेच पोटात रुजून वाढले होते. रोग नव्हता, कापायचं काही नव्हतं.

परतताना सर्जेराव गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसला. साखरबाईचा जीव आता खरा टांगणीला लागला. शेवटी तिनंच विचारलं, "रागावलाव का?"

"पोट फाडून घ्यायला तयार झालीस, पर मला सांगायला न्हाई," तो म्हणाला. "एवढ्या वर्सांत मी सुरीपरीस वंगाळ वाटलो व्हय गं तुला?"