कॅण्डलविकचे पाहुणे

कॅण्डलविक म्हणजे खरं तर मेणबत्तीची वात. तसल्याच जाड, सैल पिळाच्या सुती दोऱ्याने कापडावर टाके घालायचे आणि ते कापून गोंडे फुलवायचे, या भरतकामालाही तेच नाव. आईने लग्नाआधी नारायण पेठेतल्या शिवणक्लासात अशी एक पांढरी चादर भरली होती. तिच्यामुळे आमच्या घरी या शब्दाला तिसरा अर्थ आला. आमच्याकडे पाहुणे दोन प्रकारचे, ज्यांच्यासाठी पलंगावर ती चादर निघायची ते कॅण्डलविकचे आणि बाकीचे सोलापुरीचे.

मला बघायला आलेली मंडळी कॅण्डलविकची. कात्रजची आत्या सोलापुरीची, कारण ती दर रविवारी येते आणि पाय वर घेऊन बसते. कॅण्डलविकच्या पाहुण्यांनाही फार सुख नव्हतं. ते चादरीवर टेकले रे टेकले की आई म्हणायची, "अहो, इकडे पंख्याखाली बसा ना." पंखा पलंगाच्या बरोबर वरच होता. बाबांनी तर त्या चादरीला कधी पाठ लावली नाही. "मी काय, घरचाच," म्हणायचे आणि वेताच्या खुर्चीत बसायचे.

एवढं जपूनही चादरीचे गोंडे गळायचे. दर वेळी घडी घालताना दोन-तीन जमिनीवर पडत आणि आई ते डब्यात भरून ठेवी. कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

यंदा बाबा स्वारगेटला बसमधून उतरताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी यायच्या तीन दिवस आधी आईने जाहीर केलं, "ह्यांच्या खाटेवर कॅण्डलविक घालायची." उलगडली तर मूठभर गोंडे खाली. तेव्हा कुठे तिने कबूल केलं की क्लासच्या बाईंनी चादर भरून झाल्यावर उकळत्या पाण्यात घालायला सांगितली होती. कापड आटतं आणि गोंडे घट्ट धरून ठेवतं.

"मग घातली का नाहीस?"

"खराब झाली असती म्हणजे?"

मी पोट धरून हसले. जन्मभर जपलेल्या चादरीला जपण्यामुळेच टक्कल पडत चाललं होतं. आई मात्र हसली नाही. "आता धुताना सगळेच गळाले तर ह्यांना काय घालू?" ती म्हणाली. सोलापुरी चादरींनी कपाट भरलं होतं, पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

दोघींनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. चादर बुडवली तेव्हा आईने चक्क डोळे मिटून घेतले. मग गच्चीवर वाळत घालून ती दिवसभर शेजारी बसून राहिली. संध्याकाळी तिने एक गोंडा धरून ओढला, मग दुसरा. सुटेना. चादर चांगली वीतभर आटली होती, मोठ्या पलंगाला पुरली नसती. बाबांच्या खाटेला पुरली.

बाबा वॉकर टेकत आत आले, खाटेकडे पाहून थबकले आणि सवयीने वेताच्या खुर्चीकडे वळले.

"कॅण्डलविक? कोण येणार आहे?"

"आले," आई म्हणाली आणि त्यांचा दंड धरून त्यांना खाटेकडे वळवलं.